चार वर्षांच्या पोरीला बाथरूममध्ये कोंडतात आणि त्याला शिस्त म्हणतात

चिऊची_आई, इंदूर (रविवार, रात्री १०:५२)

इथे मी बहुतेक वाचायलाच येते. आज लिहितेय कारण झोप येत नाहीये.

मुलगी चार वर्षं दोन महिन्यांची आहे. घराजवळच्या एका शाळेत केजी-वनला जाते. शाळेचं नाव लिहिणार नाही, कृपया कोणी विचारू नका. मंगळवारपासून ती घरी बाथरूमचं दार लावू देत नव्हती. दार सताड उघडं हवं, लाईट चालू हवा आणि मी समोर उंबऱ्यावर बसलेली हवी. "आई, तुझे पाय दिसू देत." मला वाटलं, काहीतरी नवीन खूळ. बुधवारी वैतागून मी तिला एक धपाटाही घातला, हे आधीच सांगून टाकते. शुक्रवारी घरी आली तर चड्डी बदललेली, ओली चड्डी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दप्तरात, डायरीत एक शब्द नाही. आंघोळ घालताना डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला नखांच्या दोन चंद्रकोरी दिसल्या, जांभळ्या पडलेल्या.

रात्री तिने मला नाही, सासूबाईंना सांगितलं. त्या चिऊकाऊची गोष्ट सांगत होत्या. काऊ दार वाजवतो, चिऊताई चिऊताई दार उघड, तिथे आल्यावर ती एकदम म्हणाली, "आजी, काऊने आवाज नाही करायचा. आवाज केला की पाल येते."

मग सगळं बाहेर आलं. डबा संपवला नाही म्हणून मॅडमनी तिला बाथरूममध्ये ठेवलं. कडी बाहेरून, लाईटचं बटणही बाहेर. रडलीस तर वरून पाल पडेल असं सांगितलं. म्हणून ती न रडता उभी राहिली. किती वेळ? "खूप वेळ. सगळ्यांचे डबे झाले." मंगळवारी एकदा आणि शुक्रवारी परत. शुक्रवारी बाथरूममध्ये असूनही तिला चड्डीतच झाली, कारण अंधारात तिला भांडं दिसत नव्हतं.

शनिवारी आम्ही दोघं शाळेत गेलो. उत्तर मिळालं, "मॅडम, दोनच मिनिटं ठेवलं असेल. थोडी शिस्त तर लावावीच लागते. घरी तुम्ही कधी रागावत नाही का?" त्या शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झाले. बुधवारचा धपाटा आठवला.

तक्रार करायची तर कुठे? पोलिसांत गेलो तर पोरीला किती वेळा तेच तेच सांगावं लागेल? की गुपचूप शाळा बदलावी? नवरा म्हणतो बदल आणि सोड. माझ्या डोळ्यांसमोरून त्या वर्गातली बाकीची मुलं जात नाहीत.

---

सराफ्यातला_संजू (रविवार, रात्री ११:१०)

ताई, नाव सांगा फक्त. उद्या सकाळी आठ वाजता गेटवर शंभर पोरं उभी करतो. त्या बाईला तिच्याच बाथरूममध्ये दिवसभर कोंडलं पाहिजे, लाईट बंद करून. चार वर्षांचं लेकरू! डोकं फुटायची वेळ आलीय वाचून.

---

लोकमान्य_नगर (रविवार, रात्री ११:१४)

"अंधारात भांडं दिसत नव्हतं." ह्या वाक्यापुढे मला वाचवेना. माझी नात त्याच वयाची आहे.

---

जुना_होळकर (सोमवार, सकाळी ६:३५)

मुलीला कोंडलं हे वाईटच केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण धाग्याची गाडी आता "मुलांना कोणी काही बोलूच नये" इथे जाणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. माझं वय चौऱ्याहत्तर. आम्ही इंदूरच्या मराठी शाळेत शिकलो. अंगठे धरून ओणवे उभे राहिलो, पाठीवर डस्टर ठेवलेलं असायचं, ते पडलं की छडी. फूटपट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यावर मारायचे. घरी सांगायची सोय नव्हती, वडील आणखी दोन द्यायचे. त्यातूनच माणसं घडली. माझ्या वर्गातले दोघं कलेक्टर झाले. आजची मुलं एक शब्द ऐकून घेत नाहीत. लेकरांना मारू नये हे मान्य, पण धाक नावाची काही गोष्ट असते की नाही?

---

डावखुरा (सोमवार, सकाळी ८:०२)

काका, तुमच्या वर्गातले दोघं कलेक्टर झाले. बाकीचे किती जण चौथीनंतर शाळेत दिसलेच नाहीत, तेही आठवून लिहा. मी खोचकपणे विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

मी डाव्या हाताने लिहायचो. बालवाडीतल्या बाईंनी माझा डावा हात शर्टाच्या आत घालून वरून बटणं लावली. पहिल्यांदा वर्ग हसला, पण रोज रोज कोण हसणार, मग कोणी बघेनासं झालं. उजव्या हाताने अक्षर वाकडं आलं की डाव्या खांद्यावर चापट. पहिलीत गेलो तेव्हा मी अडखळत बोलायला लागलो होतो. ते अडखळणं त्यामुळेच आलं की कसं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आज एकावन्नाव्या वर्षी बँकेत चारजणांसमोर सही करायची वेळ आली की माझा डावा खांदा आपोआप वर जातो. बायको म्हणते, खांदा खाली घे. मी चांगली नोकरी केली, दोन मुलं वाढवली. बाहेरून बघणारा म्हणेल, "बघा, मार खाल्ला आणि घडला."

---

पलासियाचा_डॉक्टर (सोमवार, दुपारी २:२०)

ओपीडी संपवून लिहितोय. चिऊची आई, आधी तुमच्या कामाचं.

दंडावरच्या खुणांचे फोटो आजच काढा. शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा, तारीख दिसू द्या. मग बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन कागदावर नोंद करून घ्या. नुसतं औषध लिहून घेऊ नका, खूण कुठे आहे, केवढी आहे, रंग कोणता, हे लिहून घ्या. जांभळा डाग आठवड्यात हिरवट-पिवळा होऊन जातो आणि मग तुमच्याकडे पुरावा राहत नाही. ती लघवी रोखून धरत असेल तर लघवीची तपासणीही करा. या वयात रोखून धरल्याने जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही. आणि मग मुलं रात्री पुन्हा गादी ओली करायला लागतात. तसं झालं तर रागावू नका.

आता सगळ्यांसाठी. धावणारं मूल पडतं, तेव्हा नडगी, गुडघा, कोपर, कपाळ इथे लागतं. पाठ, पोट, कान, मान, दंडाची आतली बाजू इथे मूल सहसा पडून लागत नाही. तिथे डाग दिसला तर विचारायला हवं. दुसरी गोष्ट, लहान मुलाला एका हाताने खेचून उभं करणं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं कोपराचं हाड त्या एका झटक्याने जागचं सरकू शकतं. मूल हात लटकता धरून येतं आणि आई म्हणते, काही नाही हो, फक्त ओढलं. तिसरी गोष्ट कानशिलात. उघड्या पंजाने कानावर मारलं की हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो. मारणाऱ्याला वाटतं एकच तर दिली. आणि तान्ह्या बाळाला रडं थांबवायला गदागदा हलवू नका, कधीच नाही. मानेत जोर नसतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वरून एक ओरखडाही दिसत नाही.

थोडं अवांतर, पण मनातून जात नाही. आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलकडे न्यूमोनिया झालेल्या तान्ह्यांना पोटावर तापलेल्या सळईने डाग देतात. धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, म्हणून डाग. तशी बाळं दगावली आहेत. डाग देणारी बऱ्याचदा आजीच असते आणि तिचा त्या बाळावर जीव असतो. माझ्या समोर आलेल्या बहुतेक मुलांना मारणारा माणूस राक्षस नव्हता. "त्याच्या भल्यासाठी" हे शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत की आता ते ऐकले की मी आधी मुलाचा शर्ट वर करून बघतो.

---

काळा_कोट (सोमवार, संध्याकाळी ६:४५)

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सरळ सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घालतं. पण त्या कायद्यात "मूल" म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. केजीतलं मूल त्या व्याख्येत बसत नाही. सगळ्यात लहान, सगळ्यात कमी बोलता येणारं मूल नेमकं त्या कलमाच्या बाहेर राहतं. म्हणून शाळेने "आम्हाला तो कायदा लागू नाही" म्हटलं तर दचकू नका.

तुम्हाला लागू आहे तो बाल न्याय कायदा, २०१५. कलम ७५. अठराच्या आतल्या मुलाचा ताबा किंवा जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने मारलं, छळलं, दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मुलांची जबाबदारी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. मानसिक त्रास हा शब्द कायद्यातच आहे. पालीची भीती घालून अंधारात कोंडणं त्यात बसतं असा युक्तिवाद मी डोळे झाकून करीन.

अडचण एकच. २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षं शिक्षेचे यातले गुन्हे अदखलपात्र केले, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून पोलीस ठाण्यात "हे आमच्याकडे नाही, कोर्टात जा" असं ऐकायला मिळेल. त्यामुळे आधी बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या. प्रत्येक जिल्ह्यात असते, महिन्यातून किमान वीस दिवस बसते, तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून नोंदही करा. आणि मंगळवारी मोतीतबेल्याला कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. अर्ज दोन प्रती, एकीवर शिक्का मारून परत घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा.

मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. आजीने जे ऐकलं ते आजीच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून आजच लिहून ठेवा आणि खाली सही घ्या. शाळेत कॅमेरे असतील तर फुटेज राखून ठेवा असं ईमेलने आजच्या आज कळवा. बरीच यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं भरतात.

---

सराफ्यातला_संजू (सोमवार, संध्याकाळी ७:३०)

वकीलसाहेब, अर्ज, प्रत, शिक्का. आणि तोवर ती बाई रोज वर्गात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे सरकार हललं. नुसत्या शिक्क्याने काय होतं?

---

काळा_कोट (सोमवार, संध्याकाळी ७:४८)

संजूभाऊ, बदलापूरला लोक का उतरले ते आठवा. चिमुरड्या मुलींचे आईवडील पोलीस ठाण्यात तासन् तास बसले आणि गुन्हा लवकर नोंदवला गेला नाही, म्हणून. लोकांचा राग त्या न नोंदवलेल्या कागदावर होता. तिथला गुन्हा लैंगिक अत्याचाराचा, पॉक्सोचा. त्यात तर कळूनही न कळवणाऱ्यालाच शिक्षा आहे. तुमचा राग मला हवाय. तो मंगळवारी दहा वाजता मोतीतबेल्याला घेऊन या. गेटवर नको. गेटवर शंभर पोरं आरडाओरडा करताना बघून आतली मुलं आणखी घाबरतील.

---

केजीवाली_मॅडम (सोमवार, रात्री ९:१५)

मी लिहू की नको असा दोन तास विचार केला.

मी अशाच एका शाळेत शिकवते. दुसऱ्या शाळेत, पण फरक नाही. माझ्या वर्गात अडतीस मुलं. मदतीला एक दीदी, तीही दोन वर्गांत वाटून. बालवाड्यांसाठी बाल हक्क आयोगाची मार्गदर्शक सूत्रं आहेत, वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस. मी हे नोकरीला लागून सहा वर्षांनी वाचलं. पगार सांगायला लाज वाटते, घरकाम करणाऱ्या मावशी चार घरांत मिळून माझ्यापेक्षा जास्त कमावतात. प्रशिक्षण म्हणजे एक रविवार, त्यात फळा कसा सजवायचा ते शिकवलं.

डबा संपवायचा हट्ट आमचा नसतो. आईवडिलांचा असतो. "मॅडम, डबा परत आला, तुम्ही लक्ष देत नाही." पंचवीस मिनिटांची सुट्टी, अडतीस डबे. पाच मुलं हळू खातात. त्यातलं एक रोज तेच. मी कोणाला कोंडलं नाही. पण तीन वर्षांपूर्वी एका मुलाच्या पाठीत मी धपका घातला. तो पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून शेजारणीच्या केसांत ठेवत होता. त्याला लागलं नाही. तो रडलाही नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी जवळून गेले की मान खाली घालून खांदे आक्रसायचा. वर्षभर. मी त्याला जवळ घेऊन पाहिलं, चॉकलेट दिलं, काही उपयोग झाला नाही.

म्हणून त्या बाईंची बाजू घेत नाहीये. कडी लावायला हात वर न्यावा लागतो, लाईट बंद करायला बटण शोधावं लागतं. मध्ये दोन क्षण असतात. त्या दोन क्षणांत कळतं आपण काय करतोय. त्यांना शिक्षा व्हावी. पण उद्या त्यांच्या जागी दुसरी बाई येईल आणि मुलं अडतीसच असतील. अर्जात ही ओळही लिहा, की वर्गात किती मुलं आणि किती माणसं.

---

लोकमान्य_नगर (सोमवार, रात्री ९:३३)

मॅडम, लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

बडोदेकर (सोमवार, रात्री १०:०५)

आमच्या गुजरातेतली गोष्ट सांगतो, जुना_होळकर काकांसाठी मुद्दाम. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं. आधी ते वकील होते. मारायचं नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचं आमिषही नाही. लोक त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, मिशीवाली आई. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथेच काम करत होत्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. "अंगणवाडी" हा शब्द तिथूनच आला.

मला सांगायचंय ते एवढंच, काका, की छडीशिवाय शिकवणं ही परदेशातून आलेली नवी टूम नाही. तुम्ही ओणवे उभे होतात तेव्हा मराठी माणसांना ते तीस-चाळीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. फक्त ते तुमच्या शाळेपर्यंत पोचलं नाही.

---

गोठेनबर्गची_आजी (सोमवार, रात्री ११:५०)

मी मूळची रामबागेतली. लेकीकडे स्वीडनला येऊन-जाऊन असते. इथे १९७९ पासून आईवडिलांनीही मुलांना मारायला बंदी आहे, जगात सगळ्यात आधी यांनी केली. लेकीच्या सासूने सांगितलं, त्या वर्षी दुधाच्या खोक्यांवर छापलं होतं की आता असा कायदा झालाय. म्हणजे सकाळच्या नाश्त्याला टेबलावर तोच कागद, आईसमोर, मुलासमोर. शेजारी नेपाळनेही २०१८ मध्ये केली.

पहिल्यांदा आले तेव्हा नातू मांडीवर बसून माझा चष्मा ओढत होता आणि माझा हात आपोआप उठला. जावयाने काही म्हटलं नाही. नातवाने हसून माझ्या पंजावर पंजा मारला, टाळी दिली. त्याला उगारलेला हात म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्या रात्री मी माझ्या दोन्ही मुलींना आठवत बसले. त्या समोर आल्या आणि मी पदर खोचायला नुसता हात उचलला तरी डोळे मिटून घ्यायच्या.

---

सुदामा_नगरचा_बाप (मंगळवार, सकाळी ७:२०)

आजी, तुमचं वाचून लिहितोय. शाळेबद्दल सगळे बोलताहेत, घराचं काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून अहवाल काढला होता, आपलं मध्य प्रदेश त्यात होतं. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ला होता. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत शिक्षा झाल्याचं सांगितलं. आणि घरात मारणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर आईवडील. मी त्यातलाच एक. मुलगा सहा वर्षांचा. गणितात हातचा विसरला की मी टपली मारतो. रोज ठरवतो नाही मारायचं. संध्याकाळी दुकान बंद करून येतो तेव्हा डोकं तापलेलं असतं. कोणाला काही जमलं असेल तर सांगा, प्रवचन नको.

---

पलासियाचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७:४५)

प्रवचन देत नाही. अभ्यास तुम्ही घेऊ नका. रात्री साडेनऊला थकलेला बाप आणि थकलेला मुलगा यांच्यात गणित नकोच. आईने, आजोबांनी किंवा सकाळी. तुम्ही त्याला फक्त जेवताना भेटा. महिनाभर करून बघा.

---

राजवाडा_रात्रीचा (मंगळवार, सकाळी ८:१०)

चिऊच्या आईसाठी, पालीबद्दल. आमचा नातूही पालीला घाबरायचा, कोणीतरी असंच भरवलं होतं. त्याच्या आजोबांनी भिंतीवरच्या पालीचं नाव "शेजारीण" ठेवलं. रोज रात्री विचारायचे, शेजारीण आली का, जेवली का, आज किती डास खाल्ले? पंधरा दिवसांत पोरगा स्वतः बॅटरी घेऊन तिला शोधायला लागला. आता ती दिसली नाही तर रुसतो. करून बघा. पण आधी लाईटचं बटण चिऊच्या हाताला येईल असं करा. पायाखाली पाट ठेवा. स्वतः लावता आला पाहिजे.

---

चिऊची_आई (मंगळवार, दुपारी ३:४०)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोन-दोनदा. आत्ताच मोतीतबेल्याहून आले. शिक्का घेतला. संजूदादा खरंच आले होते, चार मित्रांना घेऊन, शांत उभे राहिले, गर्दीत सासूबाईंना खुर्ची मिळवून दिली. सासूबाईंनी अधिकाऱ्यांना मराठीतच सांगायला सुरुवात केली, मग हिंदीत. पालीपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढचं मी सांगितलं. उद्या बाल कल्याण समितीत जायचंय. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, मुलीला लगेच आणायची गरज नाही, आधी तुम्ही या.

शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं नाही. एकेकीला फोन केला. सात आयांपैकी चौघींनी विषय बदलला. एक म्हणाली, "आमचा तर चांगला जेवतो, आम्हाला नको." पण दोघी रडल्या. एकीचा मुलगा महिन्यापासून घरी आल्या आल्या आधी बाथरूमकडे पळतो, शाळेत बाथरूमला जातच नाही. तिला वाटत होतं मधुमेह आहे, रक्त तपासलं होतं.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, आता लिहिते. जूनमध्ये पहिल्या दिवशी त्याच मॅडमना मी हसत म्हटलं होतं, "चमडी तुमची, हाडं आमची." आमच्याकडे म्हणायची पद्धतच आहे. माझ्या आईने माझ्या बाईंना म्हटलं होतं. पोरगी माझं बोट धरून उभी होती, खाली. तिने ऐकलं असेल.

---

जुना_होळकर (मंगळवार, रात्री ८:२५)

डावखुरा यांनी विचारलं होतं, म्हणून आठवून लिहितो. चौथीपर्यंत आम्ही एकतीस जण होतो. पाचवीच्या फोटोत एकोणीस आहेत, आत्ता फोटो काढून मोजले. सगळेच माराने गेले नाहीत, गरिबीही होती, बदल्याही होत्या. पण एक होता, लोधीपुऱ्यातला, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाशेजारी राहायचा. पाढे यायचे नाहीत. त्याला गुरुजींनी बाकावर उभं करून शर्ट काढायला लावला, कारण आतली बंडी फाटलेली होती आणि वर्गाला ते दाखवायचं होतं. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी त्याला पुढे सराफ्यात रबडीच्या कढईपाशी बघायचो. ओळख द्यायचा नाही. मी हसलो होतो त्या दिवशी, सगळ्यांबरोबर.

धाक असावा हे माझं मत मी आजही सोडलेलं नाही. पण धाक म्हणजे काय, हे मला सांगता येत नाहीये, दोन दिवस विचार करतोय. उद्या समितीत ज्येष्ठ माणूस बरोबर असलेला उपयोगी पडेल का? माझी पेन्शन आहे, वेळ आहे, स्कूटर आहे.

---

काळा_कोट (मंगळवार, रात्री ८:४०)

पडेल, काका. साडेदहाला या. स्वच्छ अक्षरात लिहिणारा एक माणूस लागतोच.

---

चिऊची_आई (पुढचा सोमवार, रात्री ९:१०)

थोडक्यात कळवते. समितीने शाळेकडून लेखी खुलासा आणि कॅमेऱ्याचं फुटेज मागवलंय. त्या मॅडम सध्या वर्गावर नाहीत, कायमच्या की तात्पुरत्या ते शाळा सांगत नाही. बाथरूमची बाहेरची कडी काढली, हे दुसऱ्या आईने जाऊन पाहिलं. चार भोकं राहिलीत फक्त. अर्जात इथल्या केजीवाली_मॅडम यांनी सुचवलेली ओळ घातली होती, किती मुलं आणि किती माणसं. त्यावरही उत्तर मागितलंय. चिऊला मी त्या शाळेत पाठवत नाहीये. वर्ष गेलं तर गेलं, केजीचं काय एवढं.

घरी पाट ठेवलाय. लाईट ती स्वतः लावते, दोनतीनदा बंद-चालू करून बघते. आज पहिल्यांदा दार पुढे केलं, एक हाताची फट ठेवून. मी उंबऱ्याऐवजी पलंगावर बसले होते, तिथून पाय दिसत नाहीत. आतून विचारलं, "आई, आहेस?" मी म्हटलं आहे. परत विचारलं. परत म्हटलं आहे. सहा वेळा.

---

काळा_कोट (सोमवार, रात्री ९:३०)

खुलाशाची प्रत तुम्हालाही मिळाली पाहिजे, मागून घ्या. पुढची तारीख कळली की इथेच टाका. काका आणि मी येतो.

---

सराफ्यातला_संजू (सोमवार, रात्री ९:३२)

मी पण. त्या दुसऱ्या ताईंच्या मुलाचाही अर्ज झाला का?

---

चिऊची_आई (सोमवार, रात्री ९:४१)

त्या उद्या देणार आहेत. मंगळवारच आहे. जुना_होळकर काकांनी लिहून दिलाय, दोन प्रतींत.